डुकरातले जंत माणसाला होतात का? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य, नागपुरातच शिकलो, नागपुरातच प्रॅक्टिस. डुकरं पाळणारे माझ्याकडे येतात मोजकेच, पण डुकरांबद्दल विचारणारे ढीगभर, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, लग्नात ताट घेऊन लाइनीत उभं असताना सुद्धा. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं. जेवता जेवता वाचू नका एवढंच.

आमच्या ले-आऊटमध्ये दिवसभर डुकरं फिरतात. नुसतं त्याच्यानं लेकरांना जंत होतील का?

नुसतं फिरण्यानं नाही. जंताचं अंडं तोंडात गेल्याशिवाय काही होत नाही. आता डुकराच्या विष्ठेत गोलकृमीची, म्हणजे तो गांडुळासारखा दिसणारा पांढरट लांब जंत (मादी ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते बाप्पा), त्याची लाखो अंडी पडतात, पण ताजी अंडी लगेच काही करत नाहीत, मातीत ओल आणि ऊब मिळून आत अळी तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे आपण नाक दाबून पळतो ताज्या घाणीपासून, आणि जिथं महिन्याभरापूर्वी घाण पडली होती, वाळली, मातीत मिसळली, आता दिसतही नाही, तिथं पोरं मजेत कंचे खेळतात आणि त्याच हातानं बोरं खातात. खरी भानगड तिथं आहे.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाचा एक फायदा, उघड्यावर वाळलेली अंडी बरीच मरतात. पण नालीच्या कडेला, झाडाखाली, ओल्या सावलीत ती वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे "उन्हाळा झाला, सगळं साफ झालं" असं समजू नका.

डुकराच्या पोटात नेमके कोणते जंत असतात आणि त्यातले आपल्याला कोणते होतात?

यादी मोठी आहे पण सगळ्यांना घाबरायचं कारण नाही.

गोलकृमी सगळ्यात कॉमन. माणसाचा गोलकृमी आणि डुकराचा गोलकृमी इतके सारखे की डोळ्यानं ओळखू येत नाहीत, आणि डुकराचा माणसालाही होतो. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, थंड, स्वच्छ, संडास वगैरे सगळं चकाचक, तिथं २०१० ते २०१३ मध्ये छोट्या फार्मवर डुकरं पाळणाऱ्या घरांतल्या १४ लोकांना गोलकृमी निघाले आणि धागा डुकरांपर्यंत गेला. एक विचित्र किस्सा पण आहे, १९७० मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलजवळ कॉलेजच्या चार पोरांच्या जेवणात कोणीतरी मुद्दाम डुकराच्या गोलकृमीची अंडी कालवली. पोरांना दमा लागल्यासारखं झालं, छातीच्या एक्सरेत न्यूमोनियासारखं दिसलं. कारण अंडं फुटलं की अळी आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते, मग खोकल्याबरोबर घशात येऊन परत पोटात. म्हणून जंत म्हणजे फक्त पोटदुखी असं नसतं. कापलेल्या डुकराच्या यकृतावर दुधाचे थेंब सांडल्यासारखे पांढरे डाग दिसतात ना, ते याच प्रवासाचे व्रण.

दुसरा चाबकासारखा जंत, एक टोक बारीक एक जाड, पिल्लांना रक्ताची हगवण लावतो. माणसाच्या आतड्यात तो फार टिकत नाही, म्हणूनच तर परदेशात आतड्याच्या सुजेच्या पेशंटना त्याची अंडी मुद्दाम पाजून ट्रायल घेतल्या होत्या. घरी करून बघू नका, कृपया.

तिसरा बॅलेंटिडियम, हा जंत नाही, एकपेशीय जीव आहे, सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ फुग्यासारखा गरगर फिरतो. माणसाला होणाऱ्या एकपेशीय परजीवींमध्ये हा सगळ्यात मोठा, आणि डुक्कर हाच त्याचा मुख्य मुक्काम. डुकराला बहुतेक काही होत नाही, माणसाला झाला तर आव पडल्यासारखं होतं. औषध आहे, बरा होतो. बाकी गाठीचे जंत, काटेरी डोक्याचा जंत (हा शेणकिड्याच्या अळ्या खाऊन डुकराला होतो), हे डुक्कर पाळणाऱ्याची डोकेदुखी, तुमची-माझी फारशी नाही.

आणि तो मेंदूत जाणारा? तोच तर सगळ्यात डेंजर ना?

हो, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज, म्हणून हे सावकाश वाचा.

त्याचं नाव फीतकृमी, पट्टकृमी पण म्हणतात. दोन-चार मीटर लांब, कधी त्याहून जास्त, चपट्या पांढऱ्या नाडीसारखा. हा पूर्ण वाढलेला जंत डुकराच्या पोटात नसतो. माणसाच्या पोटात असतो. फक्त माणसाच्या. डुकराच्या मांसात असतात त्याच्या अळ्यांचे छोटे फोड. आता साखळी बघा. माणसाच्या पोटातला जंत आपले तुकडे तोडून शौचावाटे बाहेर टाकतो, एका तुकड्यात पन्नासेक हजार अंडी. माणूस उघड्यावर बसला, डुकरानं ते खाल्लं, अंड्यातून अळ्या निघाल्या आणि डुकराच्या मांसात जाऊन फोड करून बसल्या. ते मांस माणसानं कच्चं-पक्कं खाल्लं की फोडातून त्याच्या आतड्यात नवीन लांब जंत तयार. इथपर्यंत मेंदूचा संबंध नाही, पोटात जंत एवढंच.

मेंदूत कधी जातो? जेव्हा माणूस मांस नाही तर अंडी खातो. म्हणजे दुसऱ्या माणसाच्या (किंवा स्वतःच्याच) विष्ठेतली अंडी, न धुतलेल्या हातानं, पाण्यातून, भाजीवरून. मग आपल्या शरीरात तेच होतं जे डुकराच्या शरीरात झालं असतं, अळ्या रक्तातून फिरून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत बसतात. त्याला डॉक्टर न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. थोडक्यात, मेंदूत फोड झाला म्हणजे आपण त्या जंताच्या हिशोबानं डुकराच्या जागी उभे राहिलो. आणि आणणारा बहुतेक वेळा माणूसच, डुक्कर नाही.

हे शोधायला जे केलं ते आज कोणी करू देणार नाही. जर्मनीत कुखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टरनं १८५५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला न सांगता जेवणात डुकराच्या मांसातले फोड घातले, आणि फाशीनंतर शव फाडून आतड्यात कोवळे फीतकृमी काढून दाखवले.

पण आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आम्हाला काय भीती?

वरचं वाचलं असेल तर उत्तर कळलं असेल. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू लोकांच्या केसेस छापून आल्या, ज्यांच्या धर्मात डुक्कर पूर्ण वर्ज्य, घरात येणंच शक्य नाही, तरी चार जणांच्या मेंदूत हे फोड निघाले. शोधता शोधता बोट गेलं घरी स्वयंपाकाला असणाऱ्या कामवाल्यांकडे, त्या अशा देशांतून आलेल्या जिथं हा जंत सर्रास असतो. त्यांना स्वतःला बहुतेक काही त्रास नव्हता, त्यांना माहीतही नव्हतं.

हे वाचून लगेच कामवाल्या ताईंकडे संशयानं बघू नका. जंत कोणाच्याही पोटात असू शकतो, बाहेर चमचमीत खाणाऱ्या मालकाच्या पण. संडासातून आल्यावर साबणानं हात धुवायचा नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांना आणि आचाऱ्याला सारखाच.

पत्ताकोबीतला तो हिरवा किडा खाल्ला की तो डोक्यात जातो, हे खरं का?

नाही नाही नाही. माझ्या आईनं याच भीतीनं घरात पत्ताकोबी बंद केली होती, कितीतरी वर्षं. तो हिरवा किडा म्हणजे फुलपाखराची किंवा पतंगाची अळी, चुकून शिजून पोटात गेली तरी पचून जाते. फीतकृमीची अंडी डोळ्याला दिसतच नाहीत. पण कोबीवर संशय अगदी हवेतून आलेला नाही, पानांच्या घड्या असतात, घडीत माती-पाणी अडकतं, आणि ते पाणी नाल्याचं असलं तर त्यात काय काय असेल सांगता येत नाही. त्यात आपण कोबी कच्ची खातो, चायनीजच्या गाडीवर तर अर्धी कच्चीच असते. तोच हिशोब सांबाराला (पुण्याकडच्यांसाठी: कोथिंबीर, इडलीसोबतचं सांबार नाही), पालकाला, मुळ्याला, गाजराला. कॉटन मार्केटातून आणा की ऑनलाइन मागवा, ती कोणत्या पाण्यावर वाढली हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

मग भाजी कशात धुवायची? मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, ते बाजारात मिळणारं व्हेजी वॉश?

यातल्या कशानंही जंताची अंडी मरतील अशा भरवशावर राहू नका. गोलकृमीच्या अंड्याचं कवच असं टणक की पाण्यातलं क्लोरीनही त्याला फार काही करत नाही. काम करतं ते चोळणं. वाहत्या नळाखाली एकेक पान वेगळं करून दोन्ही बाजूंनी हातानं चोळून धुवा, मुळं-गाजर सोलून घ्या, आणि शंका असेल तर शिजवून खा, उकळीत अंडी-बिंडी टिकत नाहीत. कोशिंबिरीचा आग्रह असेल तर काकडी सोलून खा, ती बरी.

शिंगाड्यातून पण डुकराचे जंत येतात असं ऐकलं?

चांगला प्रश्न, फार कोणी विचारत नाही. आतड्यात राहणारा एक मोठा चपटा जंत आहे, पानाच्या आकाराचा, लांबीला पाच-सात सेंटिमीटर, तो माणसात आणि डुकरात दोघांत राहतो. विष्ठा तळ्यात गेली की त्याची पिल्लावळ आधी गोगलगायीत वाढते आणि मग शिंगाड्यासारख्या पाण्यातल्या झाडांवर, फळांच्या सालीवर चिकटून बसते. आपण कच्चा शिंगाडा दातानं सोलला की पोटात. आपल्या देशात उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या भागात हा जास्त सापडला आहे. आपल्या पूर्व विदर्भात तळ्यांमध्ये ढिवर बांधव शिंगाडे लावतात, दिवाळीच्या आसपास ढिगानं विकायला येतात, आणि आपण ते बहुतेक उकडूनच खातो, म्हणजे प्रश्न मिटला. फक्त ते हिरवे कच्चे, गाडीवरच दातानं सोलून खायची सवय सोडा. घरी आणा, धुवा, सुरीनं सोला.

आम्ही पोर्क खातो. बंद करावं का?

मी कशाला बंद करायला सांगू? नीट शिजवा. मांस आतपर्यंत शिजलं, आतून गुलाबी राहिलं नाही, तर फोडातल्या अळ्या मरतात. अख्ख्या तुकड्याला आत ६३ डिग्री येऊन वर तीन मिनिटं तसंच ठेवायचं, खिम्याला ७१ डिग्री, असं अमेरिकेतले सरकारी नियम सांगतात. आपल्याकडे किचनमध्ये थर्मामीटर कोणाकडे असतो, म्हणून सरळ कुकरला लावा, सावजी रश्श्यासारखं रटरट शिजवा, विषय संपला. धोका असतो तो पार्टीत निखाऱ्यावर भाजलेल्या मोठ्या तुकड्यांचा, बाहेरून काळे कोळसा आणि आतून कच्चे.

घेताना मांसाकडे बघा. स्नायूत साबुदाण्यासारखे पांढरट, पाणीदार दाणे दिसले तर ते मांस घेऊ नका, कितीही स्वस्त देत असला तरी. पण दाणे दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असं नाही, थोडे असले तर सुटतात. आणि कच्चं मांस कापलेला पाट-सुरी धुतल्याशिवाय त्यावर कांदा कापू नका.

फ्रीझरमध्ये ठेवलं तर मरतात का?

बरंच उणे तापमान आणि काही दिवस सलग मिळालं तर मरतात, पण आपला घरचा फ्रीझर, त्यात लाइट जाते, पोरं आइस्क्रीमसाठी दहा वेळा उघडतात. त्याच्या भरवशावर कच्चं खाऊ नका.

भरपूर तिखट टाकलं, सोबत दारू घेतली तर जंत मरतात म्हणतात?

तिखटानं तुमचं पोट जळेल, जंताचं नाही. दारूचंही तेच. पुढचा प्रश्न.

पोटात फीतकृमी आहे हे कळतं कसं?

बहुतेकांना काहीच कळत नाही, वर्षानुवर्षं. कधी पोट बारीक दुखतं, मळमळ होते, भूक कमी-जास्त होते. खूण एकच, शौचात पांढरे चपटे नाडीच्या तुकड्यासारखे भाग दिसणं. तसं दिसलं तर लाजून फ्लश करू नका, छोट्या डबीत घ्या आणि लॅबला न्या. कारण अंड्यावरून हा डुकराच्या मांसातून येणारा की मोठ्या जनावराच्या मांसातून येणारा हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येत नाही, दोन्हींची अंडी सारखीच दिसतात, तुकडा असला तर सांगता येतं. आणि तो फरक महत्त्वाचा, मोठ्या जनावरावाला मेंदूत जात नाही. एका दिवशीच्या तपासणीत काही निघालं नाही तर वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने द्या.

दर सहा महिन्यांनी आम्ही मेडिकलमधून जंताची गोळी आणून सगळेच घेतो, चालतं ना?

लेकरांना शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या आसपास जंतनाशक दिवसाला अल्बेंडाझोल देतात, १ ते १९ वर्षं वयाला, ती जरूर घेऊ द्या, गोलकृमीवर चांगली चालते. मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नाही. पण तीन जागी थांबा. गरोदर बाई, खास करून पहिले तीन महिने. दुसरं, शौचात फीतकृमीचे तुकडे दिसले असतील तर, त्याची औषधं आणि डोस वेगळे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात कोणाला झटके येत असतील किंवा पूर्वी आले असतील तर स्वतःच्या मनानं अजिबात नाही. मेंदूत फोड असतील आणि औषधानं ते एकदम मरायला लागले तर आजूबाजूला सूज येते, झटके वाढतात. म्हणून डॉक्टर आधी स्कॅन बघतात, स्टेरॉईड आणि झटक्याचं औषध सोबत चालू करतात.

भाच्याला अचानक झटका आला, स्कॅनमध्ये एक गाठ दिसली. घरात रडारड चालू आहे.

आमच्या घरातलंच सांगतो. पुतणी नऊ वर्षांची, शाळेतून आली, जेवायला बसली आणि एक हात थडथड उडायला लागला, मग पूर्ण अंग. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कोणी कांदा आणला, कोणी तोंडात चमचा घालायला निघालं. यातलं काही करायचं नसतं. कुशीवर झोपवा, कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखान्यात पळा. तिच्या स्कॅनमध्ये एकच छोटा फोड होता. ज्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी बघितल्याबरोबर "तुम्ही लोकं काय काय खाता" असं विचारलं, वहिनी शाकाहारी घरातली, तिला ते इतकं लागलं की अजून बोलून दाखवते.

आपल्या देशात लेकरांमध्ये असा एकच फोड बऱ्याचदा सापडतो आणि तो बरेचदा काही महिन्यांत विरून जातो, एखादा खडूचा ठिपका मागे राहतो. टीबीची गाठही स्कॅनमध्ये अशीच दिसू शकते, म्हणून घाई न करता मेंदूच्या डॉक्टरांना ठरवू द्या. झटक्याची गोळी त्यांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका, बरं वाटलं तरी. पुतणी आता कॉलेजात आहे, गाडी चालवते, माझ्यापेक्षा फास्ट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथं हा जंत पसरलेला आहे तिथं मिरगीच्या साधारण ३० टक्के केसेसच्या मागे हाच असतो. म्हणजे टाळता येण्यासारखी मिरगी किती हे बघा.

महापालिकेनं सगळी मोकाट डुकरं उचलली तर जंत संपतील का?

डुकरं उचललीच पाहिजेत, अपघात होतात, घाण होते, डासांमार्फत पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराला डुकरं हातभार लावतात, हे सगळं मान्य. पण फीतकृमीचा कारखाना माणसाच्या पोटात आहे. डुकरं गेली आणि रेल्वे लाइनीच्या कडेला डबे घेऊन जाणं चालूच राहिलं तर आधीच ज्यांच्या पोटात जंत आहे ते अंडी टाकतच राहणार. मोर्चा काढायचा तर डुकरांसोबत संडासांसाठी पण काढा, असं मी आमच्या नगरसेवकाला बोललो होतो, ते हसले.

मी डुकरं पाळतो, लार्ज व्हाईट यॉर्कशायर, दहा-बारा आहेत. काय करू?

बांधून पाळा, मोकळी सोडू नका, एवढ्यानं अर्धं काम होतं. शेडवर काम करणाऱ्या सगळ्यांना संडास पाहिजे, वापरला पाहिजे, आणि त्याचं पाणी शेडकडे यायला नको. हॉटेलचं खरकटं देत असाल तर उकळून द्या.

गाभण डुकरीण विण्याच्या दोनेक आठवडे आधी जंताचं औषध द्या, फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन, वजन करून डोस तुमच्या डॉक्टरकडून ठरवून. मग विण्याच्या खोलीत नेण्याआधी तिला साबण-पाण्यानं घासून धुवा, सडांना चिकटलेली अंडी पिल्लं दुधाबरोबर गिळतात हे कोणाच्या लक्षात येत नाही. पिल्लांना दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर. मांसातल्या फोडांवर ही नेहमीची औषधं पुरत नाहीत, त्यासाठी ऑक्सफेंडाझोल वेगळ्या, मोठ्या डोसनं देतात, आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची सिस्वॅक्स नावाची लसही निघाली आहे, मेलबर्नच्या संशोधकांच्या कामावरून बनवलेली. कोणतंही औषध दिलं की लेबलवर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय कापायला देऊ नका.

शेणखत कच्चं भाजीत टाकू नका. ढीग करून नीट तापू द्या, आतून हाताला चटका बसेल इतका, मधूनमधून उलटवत. गार पडलेल्या ढिगात अंडी आरामात जिवंत असतात.

स्वाइन फ्लू पण यातूनच येतो ना?

नाही, तो व्हायरस आहे, माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो. शिजवलेलं पोर्क खाऊन होत नाही. नाव पडलं ते पडलंच.

तपासणी कुठे करायची?

डुकराची विष्ठा, शंका असलेलं मांस किंवा कापल्यावर निघालेला जंत असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात चौकशी करा. माणसाचा शौचाचा नमुना मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, औषधाचं दुकान नाही), मेयो हॉस्पिटल किंवा मिहानच्या एम्समध्ये, नाहीतर जवळच्या कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये. नमुना कोरड्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत घ्या, लघवी मिसळू देऊ नका, सकाळचा सकाळीच पोचवा. आणि डबीवर नाव लिहा हो, मागे एक जण नाव न लिहिता माझ्या टेबलावर ठेवून गेला, डुकराचा होता की त्याचा स्वतःचा ते मला अजून कळलेलं नाही.